'जन्मजात' हा शेरा आम्हाला नवा नाही

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या जयस्तंभासमोर आपण उभे राहतो. स्तंभावर कोरलेली, शेवटी 'नाक' असलेली नावे बोटाने वाचतो, फोटो काढतो, स्टेटस ठेवतो. त्या गर्दीत छातीवर मेडल लावून, रेजिमेंटची टोपी घालून आलेले माजी सैनिकही असतात. तरुण पोरं त्यांच्या पाया पडतात, सेल्फी घेतात. आमचा प्रश्न या पोरांना आहे. ज्या काकांबरोबर तुम्ही सेल्फी घेतली, त्यांच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत एक इंग्रजी पत्र पडून आहे का, हे तुम्ही कधी विचारलं? त्या पत्रात 'नाना' लिहिलं आहे का, हे कधी पाहिलं?

नाना म्हणजे कोणी वडीलधारे माणूस नव्हे. 'नायदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रॅव्हेटेड' या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. अर्थ असा की, तुझं अपंगत्व सैन्यसेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. एवढा शेरा पडला की अपंगत्व पेन्शनचा दावा संपला. या नानाने आमच्या वस्त्यांमधल्या किती घरांचं नुकसान केलं असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

आम्हाला हे पत्र पहिल्यांदा दिसलं ते अगदी वेगळ्याच कामात. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही मुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देत होतो. एका मुलीचे वडील सैन्यातून नाईक पदावरून निवृत्त झालेले, २२ वर्षांची नोकरी. उत्पन्नाचे कागद शोधताना पेटीतून एक खाकी पाकीट निघालं. आत निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा निकाल आणि दावा फेटाळल्याचं पत्र. आजार उच्च रक्तदाब, अपंगत्व ३० टक्के, कायमचं. आणि पुढे तोच शेरा. पत्राला सहा वर्षे झाली होती. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की सहा महिन्यांत अपील करता येईल. काकांना ते कोणी वाचूनच दाखवलं नव्हतं. आम्ही विचारलं, काका, अपील का नाही केलं? ते म्हणाले, "डॉक्टर साहेबानं लिहून देल्लं न भाऊ, मंग तसंच असन."

या एका वाक्यावर आमचा हा सगळा लेख आहे.

बोर्डाने कारण काय दिलं होतं ते पाहा. आजार 'कॉन्स्टिट्यूशनल' स्वरूपाचा आहे, आणि तो शांततेच्या ठिकाणी नेमणूक असताना सुरू झाला. आम्हा आंबेडकरी माणसांना हा इंग्रजी शब्द दिसला की संविधान आठवतं. इथे त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. वैद्यकाच्या भाषेत 'कॉन्स्टिट्यूशनल' म्हणजे मूळ शरीरप्रकृतीतला, अंगचा, जन्माने आलेला. म्हणजे बाबा रे, दोष आमच्या नोकरीत नाही, दोष तुझ्या पिंडातच आहे. भरती करून घेताना तुझी छाती मोजली, डोळे तपासले, धावायला लावलं, सगळं ठीक म्हणून सही केली, तेव्हा हा पिंड आम्हाला दिसला नाही. २२ वर्षे वापरून झाल्यावर दिसला.

शांततेच्या ठिकाणाची गोष्ट तर आणखी मजेशीर. काका तीन वर्षे बर्फाळ, उंच सीमेवर होते. तिथून खाली आल्यावर दोन महिन्यांत रक्तदाब सापडला. तिथे वर असताना नीट तपासलं कोणी? खाली आल्यावर यंत्र लावलं, आकडा दिसला, म्हणून आजार 'खाली सुरू झाला'. हा तर्क मान्य करायचा तर सावकाराने ज्या दिवशी वही उघडली त्याच दिवशी कर्ज झालं म्हणायला हवं! खुद्द लष्करी डॉक्टरांसाठी तेव्हा जी पेन्शनविषयक मार्गदर्शिका होती, तीही सांगत होती की रक्तदाब सेवेत उद्भवला वा वाढला असं दिसत असेल तर सेवेतल्या ताणामुळे तो वाढला का, या प्रश्नाचा विचार झालाच पाहिजे. काकांच्या कागदावर या विचाराची एक ओळही नव्हती.

जन्मजात हा शेरा आम्हाला नवीन नाही. हजारो वर्षे आमच्या कपाळावर तोच मारला गेला. सैन्याच्या बाबतीत तर त्याचा लेखी इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवत होते. पुढे इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत काढला. काही जाती जन्मानेच शूर आणि काही जन्मानेच नालायक. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. अर्ज म्हणजे काय? एका अर्थाने ते अपीलच होतं. सेवेची नोंद समोर ठेवून 'तुमचा निर्णय कशावर आधारलेला आहे' असं सरकारला विचारणं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपलं तशी ती १९२१ पर्यंत मोडीत काढली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज लागली की जन्मजात शूर, गरज संपली की जन्मजात अयोग्य! काकांच्या कागदावरचा 'कॉन्स्टिट्यूशनल' शब्द आम्हाला म्हणूनच ओळखीचा वाटला. बोर्डाच्या डॉक्टरांनी काकांची जात बघून तो लिहिला, असं आमचं म्हणणं नाही. हा शेरा ब्राह्मण जवानालाही पडतो, जाटालाही, मराठ्यालाही. पण व्यवस्थेने स्वतःची जबाबदारी माणसाच्या जन्मावर ढकलायची, ही जी सवय आहे, ती कोणत्या समाजात मुरली आणि कोणाच्या जिवावर मुरली, हे वेगळं सांगायला नको.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कारण इथे कायदा आपल्या बाजूने आहे आणि तरीही आपण हरतो.

१९८२ च्या हक्कदारी नियमांमध्ये सरळ लिहिलं होतं की दावा करणाऱ्या सैनिकाने आपला हक्क सिद्ध करून दाखवायचा नाही. शंका असेल तर शंकेचा फायदा सैनिकाला. आणि जो प्रत्यक्ष सीमेवर, क्षेत्रीय सेवेत होता त्याला तो अधिक उदारपणे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात हे सगळं एकत्र मांडलं. सिग्नल कोअरमध्ये १९८५ ला भरती झालेला हा जवान, फिट्स येऊ लागल्या म्हणून १९९४ मध्ये घरी पाठवलेला. न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरायचं. पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि भरतीच्या वेळी हा आजार का ओळखता आला नाही याची कारणं बोर्डाने लेखी द्यायची. २०१४ च्या सुखविंदर सिंग खटल्यात हीच दिशा पुढे गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग खटल्यात तर सरकारचीच अपिलं एकगठ्ठा फेटाळली गेली. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात आणखी एक गोष्ट ठरली. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यावर धरण्याचा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला पाहिजे. म्हणजे ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, त्यापुढे ७५ पर्यंतचं ७५, आणि त्याच्या वरचं १००.

हे टप्पे पोटापाण्याच्या भाषेत सांगतो. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के इतकी अपंगत्वाची रक्कम मिळते, नेहमीच्या पेन्शनशिवाय. समजा शेवटचा पगार ४०,००० रुपये. शंभर टक्क्यांचे १२,००० झाले. काकांच्या ३० टक्क्यांचे ३,६०० झाले असते, पण टप्प्याने ते ५० धरायचे, म्हणजे महिना ६,००० आणि वर महागाई. खेड्यात सहा हजारांत काय होतं ते आम्ही सांगायची गरज नाही. मुलीच्या होस्टेलची मेस त्यातून भागते.

निकाल सगळे एकाच बाजूचे आहेत असं मात्र कोणी समजू नये. त्याआधीच्या काही निकालांत बोर्डाच्या मताला वरचं स्थान दिलेलं आहे. २०१९ मध्ये नरसिंह यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सैनिकाच्या विरुद्ध निकाल दिला. मानसिक आजार भरतीच्या वेळच्या साध्या तपासणीत दिसत नाही, म्हणून तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावर हक्क मिळत नाही, असं त्यात म्हटलं. ज्यांना वाटतं की धर्मवीर सिंगचं नाव घेतलं की केस जिंकली, त्यांनी हा निकालही वाचावा. विरुद्ध बाजूचा वकील तो हमखास वाचून आलेला असतो. मे २०२५ मध्ये पुन्हा स्किझोफ्रेनियाच्याच एका प्रकरणात न्यायालयाने बजावलं की कारणं नसलेल्या बोर्डाच्या मतावर कोणाची पेन्शन नाकारता येत नाही. थोडक्यात, लढाई 'आजार कुठला' एवढ्यावर ठरत नाही. 'कारण लिहिलं आहे का' यावर ठरते.

आणि अपिलात नेमकं हेच तपासलं जायला हवं. प्रत्यक्षात काय होतं? पहिलं अपील एका समितीकडे. तिथे फेटाळलं की दुसरं अपील संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवरच्या समितीकडे. या समित्या बघतात तो कागद. ज्या बोर्डाने कारण लिहिलं नाही, त्याच बोर्डाचा कागद वर जातो, आणि वरून तेच वाक्य थोडं लांब होऊन खाली येतं. काकांचं पहिलं अपील आम्ही विलंब माफीच्या अर्जासह पाठवलं. त्यात मुद्दे काढून लिहिलं होतं की तीन वर्षांची उंचावरची नेमणूक बोर्डाने विचारात घेतलेली नाही. आठ महिन्यांनी उत्तर आलं. उत्तरात त्या तीन वर्षांचा उल्लेखच नाही! प्रश्न विचारला एक, उत्तर दिलं भलत्याच प्रश्नाचं. याला निर्णय म्हणायचं का? समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला मॅक्स वेबरची नोकरशाही शिकवली होती, नियमांनी चालणारी, भावनाशून्य पण निःपक्षपाती. भावनाशून्यता तर अगदी शंभर टक्के दिसली.

समित्यांनंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ चा कायदा, २००९ पासून काम सुरू, मुंबईलाही खंडपीठ आहे. तिथे एक सदस्य न्यायाधीश असतो, दुसरा निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी. इथे सैनिकाला बऱ्याचदा न्याय मिळतो, हे मान्य केलं पाहिजे. पण हे न्यायाधिकरण चालतं संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली, आणि जवळपास प्रत्येक खटल्यात प्रतिवादी असतं तेच मंत्रालय. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१२ मध्येच हे न्यायाधिकरण कायदा मंत्रालयाकडे द्या असं सांगितलं होतं. ज्याच्यावर दावा लावायचा त्याच्याच वाड्यात पंचायत भरवायची, हा प्रकार गावात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे.

बरं, सैनिक इथे जिंकला तरी संपत नाही. सरकार वर जातं. २०१५ मध्ये गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी तज्ज्ञांची एक समिती नेमली होती, खटले आणि तक्रारी कशा कमी करता येतील यावर. तिने त्याच वर्षी अहवाल दिला. ज्यांचा निकाल आधीच लागलेला आहे अशा अपंगत्व पेन्शनच्या प्रश्नांवर अपिलं करत बसू नका, ती मागे घ्या, असा तिचा रोख होता. दहा वर्षे झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला ५०,००० रुपयांचा दंड ठोठावला. नियंत्रण रेषेवर गस्त घालताना कडाक्याच्या हवामानात हृदय बंद पडून जवान गेला होता, आणि त्याच्या पत्नीला न्यायाधिकरणाने दिलेल्या पेन्शनविरुद्ध सरकार दिल्लीपर्यंत गेलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये बिजेंदर सिंग या माजी जवानाला निकाल मिळाला. सियाचीनमध्ये सेवा, फिट्स, १९८९ मध्ये सैन्यातून घरी. १९८९ ते २०२५, ३६ वर्षे! या निकालाच्या बातमीखाली लोकांनी 'देर आए दुरुस्त आए' लिहिलं होतं. आम्हाला तसं लिहिता येत नाही.

उशिराचा हिशेब कोणाच्या खिशात जातो तेही समजून घ्या. २००८ मध्ये तरसेम सिंग खटल्यात, तोही अपंगत्व पेन्शनचाच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही दरमहा घडणारी गोष्ट असल्याने उशिरा आलात तरी दावा मरत नाही. पण थकबाकी मिळेल ती साधारणपणे दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच. आता गणित मांडा. काकांची सहा वर्षे पेटीत गेली. त्यातली तीन वर्षे गेली ती गेलीच. महिना ६,००० धरले तर ३६ महिन्यांचे २,१६,००० रुपये. हे पैसे काकांनी सरकारला दान दिले, केवळ इंग्रजी पत्र कोणी वाचून दाखवलं नाही म्हणून. एका तालुक्यात असे दहा काका असतील तर? म्हणून आम्ही म्हणतो की अज्ञान हा इथे योगायोग राहत नाही, त्यावर खजिन्याची बचत होते.

इथे लगेच कोणीतरी कॅगचा अहवाल काढतं. २०२३ मध्ये कॅगने दाखवून दिलं की निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी जवळपास ४० टक्क्यांपर्यंत लोक अपंगत्वाचा लाभ घेऊन बाहेर पडतात, आणि त्यात रक्तदाब, मधुमेह अशा जीवनशैलीच्या आजारांचा वाटा मोठा आहे. टीव्हीवर चर्चा झाल्या, 'गैरवापर' हा शब्द गाजला. त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून नवे नियम आले. सेवेत राहून मुदत पूर्ण करणाऱ्यांसाठी आता वेगळ्या नावाची भरपाई आहे. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा कोणी मोठ्याने वाचला का? जवान आणि इतर पदांमध्ये हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास. अधिकाऱ्यांच्या निम्म्याहून कमी.

याचं एक सरळ उत्तर आहे की अधिकारी पन्नाशी ओलांडून निवृत्त होतात आणि जवान चाळिशीत, कधी त्याआधीही. वयाबरोबर रक्तदाब येणारच. हे खरं आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. पण सगळा फरक वयाचा आहे का? बर्फात खंदक खोदणारा, ओझी वाहणारा, रात्रभर पहाऱ्यावर उभा राहणारा जवान की त्याला हुकूम देणारा अधिकारी, शरीर कोणाचं जास्त झिजतं? अधिकाऱ्याला बोर्डासमोर काय बोलायचं ते माहीत असतं, नेमणुकांची यादी तो स्वतः टाइप करून नेतो, शेरा चुकीचा पडला तर दुसऱ्या दिवशी वकिलाला फोन करतो. आमचा नाईक "साहेबानं लिहिलं" म्हणून पेटीत ठेवतो. गैरवापर वर झाला असेल तर तो वर शोधा. नियमांचा फास खालच्याच्या गळ्यात का?

आणि जात? सैन्यात आरक्षण नाही, आणि सैन्य जात मानत नाही असं आपल्याला सांगितलं जातं. ठीक. मग निवृत्तीच्या वेळी किती दावे मंजूर झाले, किती फेटाळले, कोणत्या पदाचे, कोणत्या सामाजिक गटाचे, हे जाहीर करायला काय हरकत आहे? २००६ मध्ये सच्चर समितीने सैन्यातल्या मुस्लिमांची संख्या विचारली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवा. मोजणं म्हणजेच देशद्रोह!

अमेरिकेतलं उदाहरण इथे घेण्यासारखं आहे, कारण दलित पँथरच्या पिढीपासून आपलं आणि कृष्णवर्णीयांच्या लढ्याचं नातं आहे. तिथेही माजी सैनिकांना अपंगत्वाची भरपाई मिळते, तिथेही नकार आणि अपिलांच्या पायऱ्या आहेत. व्हिएतनाम युद्धात लढलेले कॉन्ली मंक या कृष्णवर्णीय माजी सैनिकाने २०२२ मध्ये तिथल्या सरकारवर दावा लावला. आधार काय, तर सरकारी नोंदींतून मागवून काढलेले आकडे. २००१ ते २०२० या काळात कृष्णवर्णीय माजी सैनिकांचे दावे फेटाळण्याचं सरासरी प्रमाण सुमारे २९.५ टक्के, गोऱ्यांचं २४.२ टक्के. पाच टक्क्यांचा फरक. हा फरक सांगायला त्यांना भाषणाची गरज पडली नाही, कागद पुरला. कारण तिथे वंशाची नोंद होते आणि ती मागता येते. अमेरिका फार न्यायी देश आहे असं आम्हाला म्हणायचं नाही. पण तिथल्या माणसाच्या हातात निदान मोजपट्टी आहे. आमच्या हातात 'आम्ही जात मानत नाही' हे वाक्य आहे.

आता थोडं घरचं. सरकारला शिव्या देणं सोपं आहे, त्यात आपण तरबेज आहोत. पण चळवळीने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शौर्याचं जेवढं भांडवल केलं, त्याच्या दहावा हिस्सा तरी सैनिकाच्या कागदपत्रांकडे लक्ष दिलं का? आमच्याकडे १ जानेवारीला जायला बसगाड्या भरतात, डीजे लागतो, बॅनरवर पंधरा नेत्यांचे चेहरे. माजी सैनिकाला व्यासपीठावर बोलावून शाल देतात. शाल दिल्यावर त्याची फाईल बघायला कोणी थांबत नाही. आम्हीही थांबलो नव्हतो, हे कबूल करतो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मने योगायोगाने पेटी उघडली नसती तर आम्हालाही 'नाना' कळला नसता. आमच्यातले वकील झालेले तरुण घटनात्मक खंडपीठांवर व्याख्यानं देतात, चांगली देतात. पण तालुक्याला येऊन एका नाईकाच्या बोर्डाचा कागद मागवणारा वकील शोधायला आम्हाला चार महिने लागले.

काका "साहेबानं लिहिलं" म्हणाले, तेव्हा आम्हाला कालाम सुत्त आठवलं. विहारात दर वर्षी त्यावर प्रवचन होतं. परंपरेने आलं म्हणून मानू नका, मोठ्याने सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा. आमचे लोक पोथीच्या बाबतीत हे शिकले, देवळाच्या बाबतीत शिकले. सरकारी शिक्क्यापुढे अजून मान खालीच जाते. त्यातही सैन्यात २२ वर्षे काढलेल्या माणसाची तर जास्तच. हुकूम पाळणं त्याच्या हाडात भिनवलेलं असतं. अपील करणं म्हणजे साहेबाशी हुज्जत घालणं असं त्याला वाटतं. काकांना हे पटवायला आम्हाला तीन बैठका लागल्या. शेवटी पटलं ते त्यांच्या मुलीमुळे. तिने विचारलं, "पप्पा, भरतीच्या वेळेस तुमाले आजार होता का?" ते म्हणाले, "नाई." "मंग आला कुठून?" त्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग पेन मागितला.

कामाच्या गोष्टी सांगतो. मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत लागते, नुसतं फेटाळल्याचं पत्र पुरत नाही. ती नसेल तर अभिलेख कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. त्या प्रतीत बघायचं ते असं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद आहे का, आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे सापडला, त्याआधीची दोन-तीन वर्षे नेमणूक कुठे होती, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलं आहे. बहुतेक वेळा तिथे एकच शब्द असतो. तो एक शब्द हीच अपिलाची जागा. सहा महिने उलटून गेले असतील तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा, घाबरायचं नाही. खर्चाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागता येतो. आणि एक गोष्ट कळकळीची: एजंटाला टक्केवारीवर फाईल देऊ नका. आम्ही एका घरात थकबाकीतला मोठा हिस्सा असा गेलेला पाहिला आहे.

काकांचं प्रकरण आता न्यायाधिकरणात आहे. गेल्या तारखेला सरकारी वकिलांनी उत्तर द्यायला वेळ मागितला, पुढची तारीख मिळाली. काका त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, मेडल खिशात ठेवून आले होते. लावू का नको, असं आम्हाला विचारत होते. मुलीने ते त्यांच्या छातीवर लावून दिलं.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही विहारातच सतरंजीवर बसणार आहोत. ज्यांच्या घरी, भावकीत, शेजारी कोणी माजी सैनिक किंवा त्यांची विधवा पत्नी असेल, त्यांनी डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि ते खाकी पाकीट घेऊन यावं. इंग्रजी येणारी दहावी-बारावीची पोरंही हवी आहेत, वाचून दाखवायला. चहा आम्ही ठेवू.

जयभीम.